बारा सुपाऱ्यांचं माप

भाड्याच्या खोलीच्या अटी मी आजवर पुष्कळ ऐकल्यात. मटण शिजवायचं नाही, पाहुणा मुक्कामी ठेवायचा नाही, नळ उघडा सोडायचा नाही. पण भिंतीला पाठ टेकायची नाही ही अट मला फक्त माजलगावात भेटली.

बदलीवर गेलो होतो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक बाहेरची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून बघायला गेलो. मालक दारातच उभे होते. सत्तरी उलटलेले, उंच, अंगात बंडी, आणि नाकाच्या डाव्या पाकळीवर काळपट तेलकट डाग. डाग कशाचा हे विचारायची फार इच्छा झाली, पण पहिल्याच भेटीत माणसाच्या नाकावर बोलणं बरं दिसत नाही. त्यांनी खोली उघडली. डावीकडच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोळशाच्या रेषा ओढलेल्या. सगळ्या एकाच जागेवरून, दोन लाकडी खुंट्यांमधून निघालेल्या, आणि पुढं जाऊन कुणी कमी कुणी जास्त खाली वाकलेल्या. मला आधी वाटलं नदीनाल्यांचा नकाशा आहे. मग वाटलं घरात कुणाचं तरी डोकं फिरलेलं असावं.

मालक म्हणाले, "ही भिंत तुमची न्हाई. बाकीच्या तीन घ्या."

मग भाडंही तीनच भिंतींचं घ्या, असं मी म्हणालो. ते हसले नाहीत. खिळा ठोकायचा नाही, कपडे टांगायचे नाहीत, पाठ टेकायची नाही, चुना तर मुळीच लावायचा नाही, एवढं सांगून त्यांनी माझी नोकरी विचारली. मी वजनमापे निरीक्षक. दुकानदारांची वजनं आणि तराजू तपासायचे, खोटे निघाले की जप्त करायचे, हे माझं काम. ते ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडं नव्यानं पाहिलं.

"म्हंजे मापाडी," ते म्हणाले.

मोंढ्यात पोती मोजतो तो मापाडी, मी त्याचे काटे तपासतो, असा फरक मी समजावून सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि त्या दिवसापासून मला मापाडीच म्हणू लागले. आजही म्हणतात. मला पहिल्या महिन्यात राग आला, नंतर सवय झाली, आणि आता दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालणार नाही.

भिंतीचा उलगडा पहिल्या रविवारी झाला. मालक कापडी म्यानात गुंडाळलेली काहीतरी लांबट वस्तू घेऊन खोलीत आले. आतून चार तुकडे निघाले, प्रत्येकाच्या टोकाला पितळी नळीचा जोड. त्यांनी जोडाचं टोक उचललं आणि सरळ नाकाच्या पाकळीवर घासलं. मग दुसरं, मग तिसरं. नाकाचं तेल जोडाला सगळ्यात चांगलं, ना जास्त ना कमी, असं ते म्हणाले. डागाचं कोडं सुटलं. तुकडे एकमेकांत बसवल्यावर माणसाच्या दीडपट उंचीची बारीक काठी तयार झाली. फ्लाय रॉड असं तिचं नाव, हे मला तेव्हा कळलं. मालक तिला छडी म्हणायचे.

आपल्याकडं मासे धरायचे तर गळाला गांडूळ लावतात, वर शिसं बांधतात, आणि शिशाच्या वजनानं गळ लांब जाऊन पडतो. या प्रकारात शिसं नाही. टोकाला असते पिसांची आणि धाग्यांची बनवलेली माशी, जिला वजन असं नाहीच. मग पुढं जातं काय? दोरी जाते. जाडसर दोरी आधी मागं उलगडायची, पुन्हा पुढं उलगडायची, आणि काठी जशी वाकून सरळ होईल तशी ती पाण्यावर पसरते. म्हणजे सगळा खेळ काठी कुठं वाकते, किती वाकते आणि केव्हा सरळ होते याचा. याला धरणावरचे साहेब ॲक्शन म्हणायचे. मालक लव म्हणायचे. "ह्या छडीची लव चांगली," किंवा "हिची लव मेलेली हाय," असं.

हे साहेब म्हणजे मालकांच्या आयुष्यातलं मोठं प्रकरण. धरणाचं काम चालू होतं तेव्हा मालक तिथं हजेरी कारकून होते, नुकतं लग्न झालेले. एक इंजिनिअर साहेब परदेशी शिकून आलेले. त्यांच्याकडं पाच तुकड्यांची छडी होती. रविवारी ते डोहावर जायचे आणि बरोबर या पोराला न्यायचे, कारण बाकी कुणाला त्यात काडीचा रस नव्हता. दोन वर्षं मालकांनी ती छडी फेकली. मग साहेबांची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी मालकांनी ती एका दिवसापुरती मागून घरी आणली. फोटो काढायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या, त्यात छडीची मूठ अडकवली, शेंड्याला वजन टांगलं आणि ती जशी वाकली तशी कोळशानं भिंतीवर उतरवून घेतली. छडी गेली, रेषा राहिली.

वजन काय टांगलं? त्यांच्या लग्नातल्या पूजेच्या बारा सुपाऱ्या. पूजेची सुपारी टाकून देत नाहीत, खातही नाहीत, त्यामुळं त्या घरात नुसत्याच पडून होत्या. काकूंनी, म्हणजे मालकांच्या बायकोनं, लाल फडक्यात बांधून दिल्या. मालकांनी ती पोटली वाण्याच्या काट्यावर तोलून आणली आणि रेषेखाली भिंतीवर लिहून ठेवलं: "सुपाऱ्या १२, फडक्यासकट ९६ ग्रॅम." कारकुनाचं वळणदार अक्षर. त्या अक्षराखाली माझी खाट होती. त्या खोलीत होतो तोवर मी रोज सकाळी डोळे उघडले की ते वाचायचो.

पुढचं आयुष्य त्यांनी ती रेषा शोधण्यात घालवलं. पुण्यात जुन्या वस्तूंचा एक दुकानदार त्यांना सापडला. परदेशातून भंगारात येणाऱ्या, कुणाच्या तरी मागं राहिलेल्या छड्या त्याच्याकडं यायच्या. तो एसटीच्या पार्सलनं दोन-तीन पाठवायचा, मालक तपासायचे आणि परत पाठवायचे. नवी का घेत नाही, असं मी विचारलं. नव्यांची लव सगळी शेंड्यात असते, चाबकासारखी, साहेबांची होती तशी मुठीपर्यंत उतरणारी आता कुणी करत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि जुनीतही तुकड्यांची भानगड. जितके जोड जास्त तितक्या जागी काठी ताठ, कारण पितळ वाकत नाही. चांगल्या कारागिरानं केलेली असेल तर वाकताना जोड आहेत हे कळत नाही, वाईट असेल तर काठी गुडघे वाकवत चालते. ते जोडाला कान लावून छडी हलवायचे. टिक् असा आवाज आला की संपलं, ती म्यानात. नजरेसमोर धरून बाक पाहायचे. शेवटी भिंत. पोटली टांगायची, रेषा ओढायची आणि शेजारी लिहायचं: कडक. किंवा मऊ.

मी म्हणायचो, अहो, फेकून बघा, हाताला कळेल की. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "हात लबाड, भिंत खरी." हात म्हणे सासुरवाडीला गेलेल्या जावयासारखा, समोर येईल त्याला चांगलंच म्हणतो.

या माणसाचं सगळ्यावरच असं चालायचं. भेंडी घेताना बायका शेंडा मोडून बघतात, हे मोडायचे नाहीत. देठाला धरून आडवी करायचे आणि वाकते किती ते बघायचे. भाजीवाली वैतागून म्हणायची, मालक, घ्यायची तर घ्या, हिचं लग्न लावायचंय का. लिंबागणेशला एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो. अक्षता पडत होत्या आणि मालक मांडवाच्या मागं एका बांबूला लोंबकळून त्याची लव बघत होते. मांडव हलला. वधूपित्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी जेवायला शेवटच्या पंगतीला बसलो.

आणि मासे? मासे ते धरतच नसत. काकूंच्या गळ्यात माळ, घरात अंडंसुद्धा नाही. मालकांनी प्रत्येक माशीचा गळ पकडीनं कापून टाकला होता. मासा वर यायचा, पिसाला तोंड लावायचा, फसवणूक कळली की निघून जायचा. धरणावर टायरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारे लोक हे बघून पोट धरून हसायचे. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "म्हाताऱ्याला कावून आणता हो उन्हात?" मी म्हणालो, मी नाही आणत, तेच मला आणतात.

दोरी तर त्यांच्याकडं एका साध्यासुध्या छडीवर होती, ती चार तुकड्यांचीच, सरावापुरती. तीही ते फार फेकत नसत. ती आपली नव्हे, म्हणायचे. योग्य ती मिळाली की फेकू.

मग उजव्या खांद्यानं कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी सांगितलं की खांदा झिजलाय, हात डोक्याच्या वर जाईल तितके दिवस जाईल. त्याच महिन्यात पुण्याच्या दुकानदाराचा फोन आला. तो दुकान बंद करत होता. उरलेल्या तीन छड्या पाठवतो, एक ठेवून घ्या, बाकीच्या शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं परत टाका, आणि मालक, ही शेवटची पेटी, असं त्यानं सांगितलं. फोन ठेवल्यावर मालक बराच वेळ भिंतीकडं बघत बसले. या पेटीत मिळाली तर मिळाली, नाहीतर साहेबांची फेक हाताला पुन्हा लागणार नव्हती. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण काकूंनी त्या दिवशी मला चहा देताना बोलून दाखवलं.

पेटी सोमवारी आली. पहिल्या छडीचा जोड टिकटिकला, ती बाद. दुसरी हिरवट, चार तुकड्यांची. ती हातात घेतल्याबरोबर मालक थांबले. "ही मागं येऊन गेली," म्हणाले. सात वर्षांपूर्वी हीच आली होती, भिंतीनं तिला कडक ठरवलं, त्यांनी परत पाठवली, आणि दुकानदाराकडं ती विकलीच गेली नव्हती. काकू दारातून म्हणाल्या, ती परत पाठवली त्या दिवशी ह्यांनी जेवण केलं नव्हतं. मालकांनी ती नुसती एकदा मागंपुढं हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. तरी त्यांनी तिला खुंट्यांत अडकवलं, पोटली टांगली. रेषेच्या वर. कडक.

तिसरी तपकिरी, पाच तुकड्यांची, साहेबांच्या छडीसारखीच. पोटली टांगली आणि ती हळूहळू वाकत जाऊन जुन्या रेषेवर बसली. मुळापासून शेंड्यापर्यंत. कोळसा ओढायला जागाच उरली नाही. मालक माझ्या खाटेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग स्वतः जाऊन पेढे आणले, गल्लीत वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर सांगायचे, सापडली.

मी पोटली खिळ्याला परत अडकवायला उचलली, आणि तिथं माझं बोट अडकलं म्हणा. वजनं उचलण्यात माझी सगळी नोकरी गेलीय. शंभर ग्रॅम माझ्या तळहाताला ओळखीचं आहे, आणि हे त्याच्या जवळपास नव्हतं. तळहातावर पिवळट भुगा सांडला होता. मालक पेढे वाटायला गेले असताना मी माझ्या कामाच्या तराजूवर पोटली ठेवली. एक्काहत्तर ग्रॅम.

सुपाऱ्या किडल्या होत्या. बाहेरून गोल, शाबूत, आत पोखरलेल्या. मग मी भिंत नीट वाचली. जुन्या रेषा मूळ रेषेच्या वरही होत्या आणि खालीही. पण अलीकडच्या वर्षांतल्या सगळ्या वर. कडक, कडक, कडक. वजनच हलकं झालं तर कुठलीही काठी कमी वाकणार आणि ताठ दिसणार, हे शाळकरी पोरालाही कळेल. दीड वर्ष ती भिंत माझ्या उशाशी होती, ९६ चा आकडा डोळ्यासमोर होता, आणि हा वजनमापांचा निरीक्षक रोज घोरत होता. स्वतःला दोन शिव्या दिल्या.

पण सांगायचं कसं? माणूस सुखात होता. गप्प बसलो तर चुकीची छडी घेऊन सुखात राहिला असता, आणि हिरवी शुक्रवारच्या गाडीनं गेली असती. दोन दिवस मी जेवताना त्यांच्याकडं बघायचं टाळलं. बुधवारी दिंद्रुडच्या बाजारात तपासणी होती. एका म्हाताऱ्या मिरचीवाल्याचं किलोचं वजन झिजून हलकं झालेलं निघालं. मी जप्त केलं. तो म्हणाला, "साहेब, बापाचं माप हाय. झिजलं आसंल, म्या कुठं झिजवलं?" मी नेहमीसारखं उत्तर दिलं, झिजलेलं माप ते खोटं माप, मग हेतू काही का असेना. आणि सही करताना हात थबकला. परक्याला रस्त्यावर ऐकवतो ते घरच्या माणसाला ऐकवायला घाबरतो, हा कुठला न्याय?

गुरुवारी सकाळी मी अंगणात तराजू मांडला. काकू ओसरीवर शेंगा सोलत होत्या. मालक पेटीला सुतळी बांधत होते. मी एका पारड्यात शिक्क्याची वजनं ठेवली, शहाण्णव ग्रॅमची, आणि दुसऱ्यात पोटली. पोटली वर गेली.

मालकांनी फडकं सोडलं आणि सुपाऱ्या मोजल्या. "बारा हायत की," ते म्हणाले. मी एक उचलून अडकित्त्यात धरली. ती कटकन फुटली नाही, चुरली. आत भुगा आणि एक मेलेला बारीक किडा.

काकू शेंगा सोलायच्या थांबल्या. "भुगा तर दर दिवाळीला पडतोय," त्या म्हणाल्या. "म्याच झाडती. मला काय म्हाईत, त्यानं छडी कडक व्हती?"

मालकांनी बांधलेली सुतळी सोडली, हिरवी छडी काढली आणि नेहमीसारखी नाकाच्या पाकळीवर जोड घासत जोडली. मी फडक्यात वाळू भरून शहाण्णव ग्रॅम तोलून दिली. तपकिरी आधी लावली. ती रेषेच्या वीतभर खाली गेली. मग हिरवी. ती जुन्या रेषेवर अशी बसली की कोळसा दिसेना. मालकांनी स्वतःचा उजवा हात समोर धरला, उलटसुलट केला.

"सात वरसं ह्याला लबाड म्हणलो," ते म्हणाले.

मी दुकानदाराला फोन करून एक दिवस मागून घेतला आणि शुक्रवारी सकाळी आम्ही दोन्ही छड्या घेऊन धरणावर गेलो. हिरवी आधी. मी गेली दीड वर्षं त्यांच्याकडून त्या फेकीचं वर्णन ऐकत होतो आणि मनातल्या मनात अर्धं सोडून देत होतो. त्या दिवशी दोरी मागं गेली, क्षणभर हवेत पूर्ण सरळ थांबली, मग पुढं उलगडत गेली आणि पाण्याला कळूही न देता टेकली. ट्यूबवरच्या माणसांनी जाळं ओढायचं थांबवलं. दुसरी तशीच. तिसरी तशीच. चौथ्या फेकीनंतर मालकांनी छडी खाली ठेवली आणि खांदा धरून दगडावर बसले. चेहरा पांढरा पडला होता.

थोड्या वेळानं तपकिरी घेतली. ती मऊ, तिला जोर लागत नव्हता. दोरी जवळच पडायची, कधी वेटोळं होऊन, पण खांदा दुखत नव्हता. अर्धा तास ते फेकत राहिले.

आता मी माप बघणारा माणूस. मी सरळ सांगितलं की मालक, भिंतीनं खोटं सांगितलं खरं, पण आज तुम्हाला झेपते ती हीच. हिरवी तुमच्या तरुणपणाची, ही आताची. ही ठेवा, सकाळभर फेकाल.

"म्हंजे सुपारीसंगं मी बी पोखरलो म्हणा की," ते म्हणाले. रागानं नाही. खरंच विचार केल्यासारखं.

घरी येईपर्यंत त्यांचं काही ठरलं नव्हतं. दोन्ही छड्या ओसरीवर ठेवल्या आणि काकूंना सगळं सांगितलं, तपकिरीच्या सकाळभर आणि हिरवीच्या चारच फेकी. काकूंनी छड्यांकडं पाहिलंही नाही.

"चार तर चार," त्या म्हणाल्या. "सकाळभर नुसती दोरी सांडून काय करता?"

तपकिरी संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेली.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. जाताना मी खोलीला चुना देऊ का विचारलं, म्हणजे चेष्टेनंच. मालक म्हणाले, जुनी रेषा सोडून बाकी भिंत पांढरी करा, आता तिथं काही ओढायचं नाही. मी आणि काकूंनी मिळून ती केली. पोटलीतल्या बारा सुपाऱ्या काकूंनी सिंदफणा नदीत सोडल्या.

मालकांचा फोन येतो. नमस्कार नाही, तब्येत नाही, सरळ आकडा सांगतात. आधी बरेच दिवस "आज चार, मापाडी" असं असायचं. यंदा थंडी पडल्यावर तीन झाल्या, मग दोन. मी नोंद करत नाही, नुसतं ऐकतो.

परवा सकाळी फोन आला. मागं वाऱ्याचा आवाज होता, म्हणजे अजून धरणावरच होते, आणि दम लागलेला होता.

"आज एकच," ते म्हणाले. "पण काय गेली, मापाडी. काय गेली."